गोष्ट सुरू होण्याआधीचं मिनिट

१९८० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ‘मॅग्नम, पी.आय.’ ही मालिका सुरू झाली. टॉम सेलेक हा उंचापुरा, मिशीवाला नायक, हवाई बेटांचा समुद्र, लाल फेरारी आणि व्हिएतनामच्या युद्धातून परतून खासगी गुप्तहेराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाच्या गोष्टी. पहिल्या काही भागांना इयन फ्रीबेर्न-स्मिथ यांचं शीर्षकसंगीत होतं. ते सफाईदार होतं, जाझच्या वळणाचं होतं आणि गुप्तहेरांच्या जुन्या मालिकांशी नातं सांगणारं होतं. थोड्याच भागांनंतर निर्मात्यांनी ते काढून टाकलं आणि माइक पोस्ट व पीट कार्पेंटर या जोडीचं नवं संगीत घेतलं. त्यात ड्रम्सचा धडाका होता, इलेक्ट्रिक गिटार होती आणि तंतुवाद्यांची वर झेपावणारी सुरावट होती. नायक तोच, बेट तेच, गाडीही तीच, तरी मालिका बदलल्यासारखी वाटू लागली. आधीच्या संगीतातला मॅग्नम हा आब राखून वावरणारा गुप्तहेर होता. नव्या संगीतात तो जगण्याची मजा लुटणारा, थोडा पोरकट, संकटात उडी घेताना खुशीत असणारा माणूस झाला. पुढे आठ वर्षं प्रेक्षकांनी ज्याच्यावर प्रेम केलं तो हाच दुसरा मॅग्नम. एखाद्या मालिकेची चित्रं तीच राहून फक्त संगीत बदलल्याची उदाहरणं फार सापडत नाहीत, म्हणून शीर्षकसंगीत नेमकं काय करतं हे समजून घ्यायला या उदाहरणाइतकं सोयीचं दुसरं नाही.

शीर्षकसंगीताकडे आपण सहसा वेष्टन म्हणून पाहतो. आतला माल लेखकाचा, दिग्दर्शकाचा, नटांचा आणि वरचा चकचकीत कागद संगीतकाराचा, असा आपला समज असतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. चांगलं शीर्षकसंगीत हा त्या मालिकेचा पहिला अन्वयार्थ असतो. मालिका अजून लोकांसमोर यायची असते, एखादाच भाग तयार असतो, पात्रं कुठल्या दिशेला जाणार हे लेखकालाही पुरतं ठाऊक नसतं. अशा वेळी एक माणूस ते सगळं पाहतो आणि मिनिटभराच्या सुरावटीत सांगतो की या गोष्टीकडे तुम्ही या नजरेने पाहा. संगीत नाटकाच्या आरंभी होणाऱ्या नांदीपेक्षा हे काम वेगळं आहे. नांदी मंगलाचरण करते, प्रेक्षकाला सावध करते, वातावरण भारते. एका नाटकाची नांदी दुसऱ्या नाटकाआधी म्हटली तरी रसभंग होईलच असं नाही. शीर्षकसंगीताला ही मुभा नसते. ते त्याच एका गोष्टीचं असावं लागतं आणि त्या गोष्टीतला एकही शब्द न उच्चारता तिचं मर्म सांगावं लागतं. हा अन्वयार्थ चुकला तर पुढचे शंभर भाग तो चुकीचा आरसा घेऊन फिरतात.

माइक पोस्ट यांची कारकीर्द या दृष्टीने तपासण्यासारखी आहे, कारण त्यांच्याइतक्या वेगवेगळ्या मालिकांचा असा अन्वयार्थ लावणारे संगीतकार मोजकेच. त्यांचा जन्म १९४४ सालचा. चित्रपटसंगीताच्या थोर परंपरेतले अनेक संगीतकार सिंफनी, ऑपेरा, कॉन्झर्व्हेटरी अशा वाटेने आले. पोस्ट आले ते स्टुडिओतल्या रोजंदारीच्या वाटेने. तरुण वयात ते ध्वनिमुद्रणांसाठी गिटार वाजवत. सॉनी आणि शेर यांच्या १९६५ सालच्या ‘आय गॉट यू बेब’ या गाजलेल्या गाण्याच्या वादकांत ते होते. पुढे केनी रॉजर्स यांच्या ‘फर्स्ट एडिशन’ या चमूचे ते निर्माते झाले. मेसन विल्यम्स यांच्या ‘क्लासिकल गॅस’ या गिटाररचनेच्या वाद्यवृंद-संयोजनासाठी त्यांना ग्रॅमी मिळालं तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. स्टुडिओतल्या या शाळेत दोन गोष्टी अंगी मुरतात. एक म्हणजे वेळेचा हिशोब. वादकांचे तास मोजलेले असतात आणि सूर त्या तासांतच सापडावा लागतो. दुसरी अधिक महत्त्वाची, ती म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात त्या गाण्याला हवं तेवढंच वाजवण्याची शिस्त. शीर्षकसंगीत करणाऱ्याला या दुसऱ्या शिस्तीवाचून गत्यंतर नसतं.

टेलिव्हिजन मालिकांचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते स्टीफन कॅनेल या लेखक-निर्मात्यामुळे. १९७३ सालची ‘टोमा’ ही दोघांची पहिली मालिका. याच सुमारास पोस्ट यांची पीट कार्पेंटर यांच्याशी जोडी जमली. कार्पेंटर त्यांच्याहून तीस वर्षांनी मोठे, बँडच्या जमान्यातले ट्रॉम्बोनवादक आणि संयोजक. एकाची कमाई रॉक आणि पॉपच्या स्टुडिओत झालेली, दुसऱ्याची जुन्या वाद्यवृंदांत. पुढची चौदा वर्षं, १९८७ मध्ये कार्पेंटर यांचं निधन होईपर्यंत, या दोघांनी मालिकांचा अक्षरशः रतीब घातला. शीर्षकसंगीत हा या कामाचा दिसणारा भाग. त्याच्याखाली दर आठवड्याच्या पार्श्वसंगीताचा डोंगर असे. संकलित झालेला भाग निर्मात्यासोबत बसून पाहायचा, कुठे संगीत सुरू होईल आणि कुठे थांबेल हे ठरवायचं (या बैठकीला त्या धंद्यात स्पॉटिंग म्हणतात), मग हाती असलेल्या मोजक्या दिवसांत रचना करायची, प्रत्येक वाद्यासाठी कागद लिहायचे आणि खऱ्या वादकांना बसवून ध्वनिमुद्रण करायचं. ते संपेस्तोवर पुढचा भाग दारात उभा. शीर्षकाची सुरावट कशी असावी याचा कस इथे लागतो. तिचे तुकडे करून पाठलागाच्या दृश्यात, शोकाच्या क्षणी, विनोदाच्या जागी वापरता आले पाहिजेत. एका पट्टीत हसणारी चाल दुसऱ्या पट्टीत, संथ लयीत रडलीही पाहिजे. नुसतं आकर्षक असणं तिला पुरत नाही.

‘द रॉकफर्ड फाइल्स’ ही १९७४ सालची मालिका घ्या. तोवर अमेरिकन टेलिव्हिजनवरच्या गुप्तहेराचा आवाज ठरून गेला होता. हेन्री मॅन्सिनी यांनी १९५८ मध्ये ‘पीटर गन’ला दिलेलं दमदार जाझ, पितळी वाद्यांची गर्जना, रात्रीच्या शहराचा रुबाब. त्या संगीताची तबकडी इतकी गाजली की वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं पहिलंवहिलं ग्रॅमी तिला मिळालं. जिम रॉकफर्ड मात्र त्या मुशीतला नव्हताच. न केलेल्या गुन्ह्यासाठी तो तुरुंगात जाऊन आलेला. राहायला समुद्रकाठी उभा केलेला एक जुनाट ट्रेलर. अशील पैसे बुडवतात, मारामारीत तोच जास्त मार खातो आणि त्याचे वडील निवृत्त ट्रकचालक. या माणसाला मॅन्सिनीच्या वळणाचं संगीत दिलं असतं तर ते उसन्या कोटासारखं लोंबत राहिलं असतं. पोस्ट आणि कार्पेंटर यांनी मुख्य सुरावट मिनीमूग या तेव्हा नवलाईच्या सिंथेसायझरवर वाजवली आणि तिच्याशेजारी डोब्रो ही धातूची तबकडी बसवलेली ग्रामीण वळणाची गिटार आणि माऊथ ऑर्गन आणून बसवले. डोब्रो आणि माऊथ ऑर्गन ही कष्टकऱ्यांची, लांबच्या रस्त्यांची, ट्रकचालकांची वाद्यं. सिंथेसायझर हा सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाचा आवाज. बापाचं जग आणि मुलाचं शहर अशी दोन्ही त्या एका सुरावटीत आली. रॉकफर्ड कुठून आला आहे आणि कुठे अडकला आहे हे सांगायला पटकथेला अनेक संवाद लागले असते. हे संगीत स्वतंत्र तबकडी म्हणून निघालं तेव्हा १९७५ मध्ये बिलबोर्डच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि संयोजनाचं ग्रॅमीही त्याला मिळालं.

माझ्या मते पोस्ट यांचं सर्वांत धाडसी काम मात्र ‘हिल स्ट्रीट ब्लूज’साठीचं आहे. १९८१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या मालिकेने पोलीसकथेचा साचा मोडला. कॅमेरा हातात धरून चित्रीकरण, एकावर एक चढणारे संवाद, एका भागात न संपणारी कथानकं, थकलेले, भांडणारे, चुका करणारे पोलीस. स्टीव्हन बॉच्को हे तिचे एक कर्ते. अशा खडबडीत चित्रांना खडबडीतच संगीत द्यायचं हा सोपा रस्ता होता. भोंगे, ड्रम्स, ताणलेल्या तारा, सगळं हाताशी होतं. पोस्ट यांनी पियानोवर एक संथ, हळवी, जवळजवळ प्रार्थनेसारखी सुरावट दिली. पडद्यावर पहाटेच्या ओल्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या ठाण्याबाहेर पडताहेत आणि कानावर मात्र कुणीतरी कुणाचीतरी काळजी करत असल्यासारखे सूर. चित्राला संगीताने दुजोरा न देता विरोध केला आणि त्या विरोधातून मालिकेचा गाभा समोर आला: ही गुन्ह्यांची गोष्ट कमी आहे, रोज त्या गुन्ह्यांत उतरावं लागणाऱ्या माणसांची अधिक आहे. मालिकेचा खडबडीतपणा सगळ्यांना दिसत होता, तिच्यातली करुणा आधी ऐकू आली ती या पियानोतून. लॅरी कार्ल्टन यांच्या गिटारसह निघालेली या संगीताची तबकडीही दहाव्या क्रमांकावर गेली आणि तिने दोन ग्रॅमी मिळवली. त्याच वर्षी पोस्ट यांचं ‘द ग्रेटेस्ट अमेरिकन हीरो’चं शीर्षकगीत जोई स्कारबरी यांच्या आवाजात दुसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं. दोन्ही रचना एका माणसाच्या आहेत हे निव्वळ ऐकून ओळखणं कठीण आहे आणि याला मी त्यांचा मोठेपणा समजतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की हा सगळा पुनरावृत्तीचा महिमा आहे. कुठलीही चाल वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा कानावर आदळली तर ती लक्षात राहणारच, मग त्यात संगीतकाराचं कर्तृत्व ते काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. पुनरावृत्तीने ओळख होते, प्रेम जडतंच असं नाही. त्या काळी अमेरिकेतल्या तीन मोठ्या वाहिन्यांवर दर हंगामात डझनावारी मालिका येत. प्रत्येकीला शीर्षकसंगीत होतं आणि त्यातल्या बहुतेकांचं आज कुणी नावही काढत नाही. रेडिओवर लोक एखादी धून मागून ऐकतात तेव्हा समोर पडदा नसतो, नट नसतात, गोष्ट नसते. रॉकफर्ड आणि हिल स्ट्रीट त्या परीक्षेत उतरले. खरं पाहता पुनरावृत्ती ही सवलत नाहीच, ती छळणारी कसोटी आहे. पहिल्या ऐकण्यात लगेच मोहवणारी चाल दहाव्या वेळी कंटाळा आणते. शंभराव्या वेळीही सोसवेल अशा चालीत काहीतरी न उलगडलेलं राखून ठेवावं लागतं. लालो शिफ्रिन यांचं १९६६ सालचं ‘मिशन: इम्पॉसिबल’ अजून ताजं वाटतं ते त्यामुळे. पाच ठोक्यांचं त्याचं आवर्तन निम्म्या-निम्म्या ठोक्यांनी मोजलं तर दहा मात्रा भरतात, पण त्यांचे खंड तीन-तीन-दोन-दोन असे पडतात. दोन-तीन-दोन-तीनचा झपताल ज्यांच्या अंगवळणी पडला आहे अशा आपल्याकडच्या श्रोत्याला मात्रा तितक्याच असूनही पाय अडखळल्याचा अनुभव येईल. ज्या मालिकेत प्रत्येक बेत कुठल्याही क्षणी फसू शकतो तिच्यासाठी पायाखालची जमीन अशी तिरकी ठेवणं हाही अन्वयार्थच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही कला स्वतंत्र नाही. निर्माता सांगतो, वाहिनी मंजुरी देते, संकलक कात्री लावतो, आणि एकाच माणसाने इतक्या मालिका केल्या म्हणजे तो कारखानाच झाला. पोस्ट यांच्या सगळ्याच रचना सारख्या तोलाच्या आहेत असं मीही म्हणणार नाही. काहींतला उत्साह ठोकळेबाज आहे. पण परावलंबन आणि कलाहीनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९० साली डिक वुल्फ यांच्या ‘लॉ अँड ऑर्डर’चं काम आलं तेव्हा निर्मात्याला भागाच्या आत संगीत जवळजवळ नकोच होतं. तपास आणि खटला कोरडेपणाने दाखवायचा, भावनांना संगीताचा टेकू द्यायचा नाही, हे ठरलेलं. दृश्य बदललं की काळ्या पडद्यावर स्थळ आणि तारीख येणार, तेवढ्यापुरता एक ध्वनी हवा होता. पोस्ट यांनी कोठडीचं दार आदळल्याचा आवाज आणि जपानमध्ये शेकडो माणसांनी लाकडी जमिनीवर एकाच वेळी पाय आपटल्याचा आवाज यांसारखे अनेक ध्वनी एकत्र करून दोन ठोके तयार केले. आज अमेरिकेत या मालिकेची गिटार, पियानो आणि क्लॅरिनेटची शीर्षकधून ज्यांना आठवत नाही त्यांनाही ते दोन ठोके ठाऊक असतात. त्या ठोक्यांत कायद्याचं दार बंद होतं. दयामाया नाही, घाईही नाही. निर्मात्याने घातलेल्या बंधनातूनच ते जन्मले. ‘डॉक्टर हू’चं उदाहरणही इथे आठवावं. १९६३ मध्ये रॉन ग्रेनर यांनी लिहिलेली धून बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर यांनी ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून, कमीजास्त वेगाने वाजवून साकार केली. ती ऐकून ग्रेनर यांना सहसंगीतकार म्हणून डर्बीशायर यांचं नाव द्यायचं होतं, पण बीबीसीच्या नियमांत ते बसलं नाही. पडद्यावर त्यांचं नाव झळकायला २०१३ साल उजाडावं लागलं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. सामूहिक कामात कलावंत नसतो असं नव्हे, त्याची नोंद मात्र सहज हरवते.

नोंद हरवण्याचा हा मुद्दा थेट पैशाशी जोडलेला आहे आणि पैशावाचून कारकीर्द टिकत नाही. अमेरिकेत शीर्षकसंगीताचा मालकीहक्क बहुधा स्टुडिओकडे जातो. तरी प्रत्येक प्रसारणामागे मिळणाऱ्या रॉयल्टीचा लेखकाचा वाटा, म्हणजे साधारणपणे निम्मी रक्कम, संगीतकाराकडे राहतो. वाहिन्या बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅप यांसारख्या संस्थांना एकरकमी शुल्क देतात. कुठल्या भागात कुणाचं संगीत किती सेकंद वाजलं याचा क्यू शीट नावाचा तक्ता निर्मिती कंपनी भरते आणि त्यानुसार वाटप होतं. तिथल्या चित्रपटगृहांना अशी रॉयल्टी द्यावी लागत नाही, टेलिव्हिजनला द्यावी लागते. त्यामुळे वीस-वीस वर्षं पुनःप्रसारित होणाऱ्या मालिकेचं मिनिटभराचं संगीत एखाद्या मोठ्या चित्रपटाच्या संपूर्ण पार्श्वसंगीताहून जास्त मिळवून देऊ शकतं. आणि म्हणूनच त्या मिनिटावर इतरांचाही डोळा असतो. ‘स्टार ट्रेक’च्या अलेक्झांडर करेज यांच्या धुनेला मालिकेचे कर्ते जीन रॉडनबेरी यांनी शब्द लिहिले. ते कधी गायले गेले नाहीत, गायले जावेत असा हेतूही नव्हता, पण गीतकार म्हणून रॉयल्टीचा अर्धा वाटा रॉडनबेरी यांना मिळू लागला. पॉल अँका यांनी ‘टुनाइट शो’ला दिलेल्या धुनेवर सूत्रसंचालक जॉनी कार्सन यांचं नाव सहसंगीतकार म्हणून लागलं आणि १९६२ पासून ३० वर्षं ती धून वाजत राहिली. कायद्याच्या चौकटीत बसलं तरी मला हे अन्यायाचंच वाटतं. ज्या सुरावटीवर एवढे हात पडतात तिला क्षुल्लक वेष्टन मानणं कोणत्या हिशोबात बसतं?

मराठी वाचकाला या सगळ्याच्या जवळ जाणारं नाव आठवेल ते अशोक पत्की यांचं. पोस्ट स्टुडिओतल्या वादनातून आले, तर पत्की यांचा हात हजारो जिंगल्सनी घडला. काही सेकंदांत ओळख पटवायची, ऐकणाऱ्याच्या ओठांवर चाल ठेवून निघून जायचं, ही ती तालीम. १९८८ साली देशभर पोचलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या चालीमागेही ते होते, आणि ‘गोट्या’, ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ या मालिकांची शीर्षकगीतं त्यांचीच. फरक एक आहे आणि तो मोठा आहे. मराठी मालिकेचं शीर्षक बहुधा गायलं जातं. भावगीताच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला अर्थ सांगायला कवी मदतीला असतो. पोस्ट यांच्या बहुतेक कामात ही मदत नव्हती. हक्कांच्या बाबतीत आपल्याकडचा संगीतकार दीर्घकाळ मागे राहिला. एकदाच मानधन घ्यायचं आणि विषय संपला, अशी रीत होती. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी मिळवण्याचा गीतकार-संगीतकाराचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कुणालाही देऊन टाकता येत नाही. कायद्याने हक्क दिला तरी तो हातात पडण्यासाठी कुठल्या भागात काय वाजलं याची चोख नोंद लागते. मालिकेच्या शेवटी श्रेयनामावली कोपऱ्यात दाबून पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात दाखवण्याची सवय त्या दिशेने जाणारी नक्कीच नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे. हे सगळं इतिहासजमा झालं, आता शीर्षकसंगीत ऐकतं कोण? नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये शीर्षक ओलांडून पुढे जाण्याचं बटण आणलं आणि पाच वर्षांनी त्यांनीच सांगितलं की ते दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. त्याच्याही आधी अमेरिकन वाहिन्यांनी जाहिरातींना जागा मिळावी म्हणून शीर्षकं दहा-पंधरा सेकंदांवर आणली होती. एका रात्रीत आठ भाग पाहणारा प्रेक्षक तीच धून आठ वेळा ऐकणार नाही, हे समजण्यासारखं आहे. मात्र बटणाच्या आकड्यावरून संगीत निरुपयोगी ठरत नाही. अनेकांनी ते एकदा मन लावून ऐकलेलं असतं आणि अन्वयार्थाला तेवढं पुरतं. ‘सक्सेशन’ या मालिकेसाठी निकोलस ब्रिटेल यांनी किंचित बेसूर पियानोला जड ठोक्यांची जोड दिली आणि घराणेशाहीचा दिमाख व तिच्यातली कुजकी बाजू एकाच वेळी ऐकवली. त्या धुनेला २०१९ चं एमी मिळालं. ‘द व्हाइट लोटस’चं पहिलं पर्व २०२१ मध्ये आलं, तेही हवाई बेटांवरचंच. क्रिस्तोबाल तापिया द वीर यांनी तिथे ढोलांवर माणसांचे विव्हळणारे, प्राण्यांसारखे आवाज चढवले आणि श्रीमंतांच्या सुट्टीखाली काय वळवळतं आहे ते पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं. तेच निळं पाणी चाळीस वर्षांपूर्वी पोस्ट यांना मोकळं हसताना ऐकू आलं होतं. आणि तिसऱ्या पर्वात धून बदलून ते ओळखीचे आवाज गेले तेव्हा प्रेक्षकांनी उघड नाराजी व्यक्त केली. न ऐकल्या जाणाऱ्या संगीतासाठी कुणी तक्रार करत नाही.

राहता राहिली एक शंका, तीही पोस्ट यांच्याच चरित्रातून उभी राहणारी. २०२४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांनी ‘मेसेज फ्रॉम द माउंटन्स अँड एकोज ऑफ द डेल्टा’ हा अल्बम काढला. त्यात मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या दोन दीर्घ रचना आहेत. मागे पडदा नाही, निर्माता नाही, मिनिटाची मर्यादा नाही. म्हणजे आयुष्यभराचं काम त्यांना स्वतःलाच अपुरं वाटत होतं का? शीर्षकसंगीत ही खरी कला असती तर उतारवयात ‘खरं’ संगीत लिहायची गरज का पडावी? मला हा तर्क पटत नाही. कथाकाराने कादंबरी लिहिली म्हणून त्याच्या कथा उमेदवारीच्या ठरत नाहीत. आणि या दोन रचना ऐकायला घेतल्या तर त्यांची सामग्री अनोळखी नाही. एकीत ॲपलाचियन डोंगराळ मुलखातलं ब्लूग्रास वाद्यवृंदासमोर उभं केलं आहे, दुसरीत मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशातलं ब्लूज. ही दोन्ही अमेरिकेच्या गरीब, कष्टकरी मुलखांची संगीतं आहेत. १९७४ साली ट्रकचालकाच्या कफल्लक मुलाचा आवाज शोधताना पोस्ट आणि कार्पेंटर यांनी हात घातला होता तो याच मुलखात. तिथे त्यांच्याकडे मिनिट होतं, इथे कितीतरी मोठा अवकाश. विचार करण्याची पद्धत दोन्हीकडे एकच आहे: माणूस कुठल्या मातीतला ते आधी ओळखायचं, मग वाद्य निवडायचं, आणि चाल त्यानंतर.